सातव्या महिन्यात फ्लूची लस: तुम्ही घेतली होती का?

केवडा | ६ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मला सातवा लागलाय, २७ आठवडे पूर्ण झाले, पहिलंच बाळ. पुण्यात सिंहगड रोडला राहतो, घरी मी, नवरा आणि सासूबाई.

परवाच्या व्हिजिटला मॅडमनी वजन-बीपी बघितलं आणि म्हणाल्या की पुढच्या वेळी फ्लूची लस देऊन टाकू, पावसाळा सुरू झालाय. मी हो म्हणून आले आणि घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंचा चेहराच उतरला. त्यांचं म्हणणं की धनुर्वाताची दोन झाली ना, मग पोटात बाळ असताना आणखी सुया कशाला, साधा सर्दी-खोकला आहे, काढा घेऊ. नवरा म्हणतो मॅडम सांगतायत तर घेऊया पण आईला न दुखवता. हा धागा त्यांच्याविरुद्ध नाहीये हे आधीच सांगते, पहाटे उठून माझ्यासाठी नाचणीची पेज करणाऱ्या बाई आहेत त्या, मला त्यांना नीट सांगता यायला हवं म्हणून विचारतेय.

तर ज्यांनी घेतली त्यांनी सांगा, कितव्या महिन्यात घेतली, ताप आला का, बाळाला काही झालं नाही ना, आणि मुख्य म्हणजे फ्लूसारख्या गोष्टीसाठी खरंच गरज आहे का? २७ जुलैला डोहाळजेवण ठरलंय, त्याच्या आधी घेऊ की नंतर?

तिखटमीठ | ६ जुलै, रात्री १०:३१

घेतली होती, २८ व्या आठवड्यात. ताप नाही, दंड दुखला दीड दिवस. लेक आता तीन वर्षांची आहे आणि आत्ता माझ्या डोक्यावर बसलीये.

एक टिप देते, कुणी सांगत नाही ही. उजव्या दंडावर द्यायला सांग. मी डावा पुढे केला आणि रात्री लक्षात आलं की आपल्याला तर डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय.

चाफेकळी | ६ जुलै, रात्री १०:४०

वर +१. उजव्या दंडाचं खरंच महत्त्वाचं आहे.

सह्यकडा | ६ जुलै, रात्री ११:०५

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. आमच्या आईने पाच बाळंतपणं केली, शेतात काम करत केली, कुठली फ्लूची लस नव्हती. हल्ली प्रत्येक व्हिजिटला काहीतरी नवीन काढतात. शरीराला स्वतःची ताकद असते ना. तुमच्या सासूबाई अनुभवाचं बोलतायत, त्यांचं एकदम उडवून लावू नका.

सिस्टरताई | ७ जुलै, सकाळी ६:५०

केवडा, मी सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स होते, ३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. पहिली गोष्ट, तुझ्या सासूबाई घाबरल्यात, त्यात काही वावगं नाही. गरोदर बाईजवळ सुई आणली की घरातल्या मोठ्या बाईचा जीव वरखाली होतोच, मी हजार घरांत बघितलंय.

सह्यकडा, तुम्ही आईचं लिहिलंत म्हणून सांगते. ऐंशीच्या दशकात मी नवीन असताना धनुर्वाताच्या लसीला पण बायका अशाच नको म्हणायच्या. तेव्हा घरीच बाळंतपणं व्हायची, नाळ कापायला विळा नाहीतर जुनं ब्लेड. बाळ दोन-तीन दिवस छान अंगावर प्यायचं आणि मग एका सकाळी तोंडच उघडेना, अंग ताठ. ती बाळं मी हातात घेतलीयेत. त्याची लस बाळाला द्यायला वेळच नसतो, म्हणून आईला द्यायची, आईच्या रक्तातून ती ताकद नाळेवाटे बाळाला जाते. दारोदार फिरून ती लस दिली, स्वच्छ बाळंतपणं झाली, दवाखान्यात बायका यायला लागल्या आणि २०१५ मध्ये आपल्या देशातून नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी आम्ही तिघी सिस्टर उपकेंद्राच्या पायरीवर बसून रडलो होतो.

फ्लूचं पण हेच गणित आहे. बाळाला फ्लूची लस सहा महिन्यांच्या आत देता येत नाही, कुठलीच नाही. त्या सहा महिन्यांत बाळाकडे जे काही असेल ते आईने दिलेलं. मी बायकांना शिदोरी म्हणायचे. बाळ लांबच्या वाटेला निघालंय, आपण शिदोरी बांधून देतोय. सासूबाईंना हा शब्द वापरून बघ, त्यांना लगेच कळेल.

आणि हो, आपल्या राज्यात २०१५ पासून गरोदर बायकांना दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत ही लस सरकारी दवाखान्यात मोफत द्यायला सुरुवात झाली. साठा प्रत्येक ठिकाणी प्रत्येक वेळी असेलच असं नाही, आधी फोन करून जा.

खारीबिस्किट | ७ जुलै, सकाळी ९:१५

सिस्टरताई, दंडवत. शिदोरी शब्दावर डोळे भरून आले ऑफिसच्या बसमध्ये.

उंबरठा | ७ जुलै, सकाळी ११:२०

फ्लू म्हणजे साधा सर्दी-खोकला नाही हे आमच्या घरात चार पिढ्या माहीत आहे. माझ्या आजीची आई मानमोडीत गेली. १९१८ ची ती साथ, आपल्याकडे मानमोडीच म्हणायचे तिला, तो इन्फ्लुएंझाच होता. आजी तेव्हा तीन वर्षांची होती आणि तिची आई पोटुशी होती. आजी सांगायची की आदल्या दिवशी आईने भाकऱ्या थापल्या, रात्री अंग फणफणलं, चौथ्या दिवशी गेली, पोटातल्या बाळासकट. गावात त्या आठवड्यात सरणाला लाकूड पुरत नव्हतं म्हणे. त्या साथीत गरोदर बायका फार गेल्या, जगभर गेल्या.

आजी शेवटपर्यंत घरात कुणी पोटुशी बाई खोकली की ताटावरून उठून बघायला यायची. आम्हाला लहानपणी ते अति वाटायचं.

पाणपोई | ७ जुलै, दुपारी १:०२

उंबरठा, वाचून काटा आला.

पुणेकरांना २००९ तर आठवत असेलच. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यात गेला, शाळकरी मुलगी. मी तेव्हा पाचव्या महिन्यात होते. नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, शाळा-थिएटरं बंद, प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी. माझ्या आईने तर माझ्या पर्समध्ये, उशीखाली, देवघरात, सगळीकडे ठेवल्या होत्या पुरचुंड्या. लस नव्हतीच तेव्हा. दीड महिना मी गॅलरीपलीकडे गेले नाही, नवरा ऑफिसातून आला की आधी आंघोळ मग बोलणं. लस असती तर मी पळत जाऊन घेतली असती गं. जे तेव्हा मिळत नव्हतं ते आता दीड-दोन हजारात कोपऱ्यावर मिळतंय.

मुसाफिर | ७ जुलै, दुपारी १:३०

पण स्वाइन फ्लूची वेगळी लस ना? नाकात मारायची एक होती ती?

डॉ_हिरवाचुडा | ७ जुलै, दुपारी ३:४५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सांगलीकडे प्रॅक्टिस. केवडाची तपासणी मी केलेली नाही त्यामुळे तिच्यासाठीचा निर्णय तिच्या मॅडमचाच, मी फक्त सर्वसाधारण माहिती लिहिते.

मुसाफिर, चांगला प्रश्न. २००९ मधला स्वाइन फ्लूचा एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक झालाय, त्यामुळे नेहमीच्या फ्लूच्या लसीत तो येतोच, वेगळी लागत नाही. नाकात मारायची लस आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनेच २०१० मध्ये आणली होती, पण ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. तसली गरोदर बाईला देत नाहीत. दंडात देतात ती मेलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते, त्यातून फ्लू होऊच शकत नाही. सासूबाईंच्या मनात बहुतेक हेच असेल की आजारच टोचतायत. तर तसं नाही.

गरोदरपणात फ्लू अंगावर का येतो, तर वाढलेलं गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलतं, फुप्फुसांना जागा कमी, हृदयावर आधीच जास्त काम, आणि प्रतिकारशक्ती पण बदललेली असते. बाहेर जो ताप चार दिवसांत उतरतो तो इथे न्यूमोनियावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच गरोदर बायकांना या लसीसाठी सगळ्यात वरचं प्राधान्य दिलं आणि कुठल्याही महिन्यात चालते असं सांगितलं. आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी साधारण २६ आठवड्यांनंतर द्या म्हणते, साथ असेल तर आधीही.

बाळाचं म्हणाल तर बांगलादेशात ३४० आयांवर अभ्यास झाला होता, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या आयांनी गरोदरपणात फ्लूची लस घेतली त्यांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. आपल्यासारखंच हवामान, आपल्यासारखीच गर्दी, म्हणून मी पेशंटना हाच अभ्यास सांगते.

डोहाळजेवणाचं: लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. पुढचं तुम्हीच मोजा.

केवडा | ७ जुलै, दुपारी ४:१०

डॉक्टर, मनापासून आभार. म्हणजे १२-१३ जुलैच्या आत घ्यायला हवी. साठेक माणसं येणार आहेत आणि पावसात कुणीतरी खोकत येणारच.

तिखटमीठ | ७ जुलै, दुपारी ४:२२

साठ माणसं! मेनू काय ठेवलाय ते सांग आधी 😊

केवडा | ७ जुलै, दुपारी ४:३०

पाच प्रकारचे भात, खांडवी, ओल्या नारळाच्या करंज्या, अळूवडी. सासूबाई स्वतः करणार आहेत सगळं, आचारी नको म्हणाल्या.

खारीबिस्किट | ७ जुलै, दुपारी ४:३३

पत्ता पाठव. लस घेऊन येते.

चाफेकळी | ७ जुलै, दुपारी ४:५०

आमच्याकडे झोपाळ्यावर बसवून पेढा की बर्फी ओळखायला लावतात, मी दोन्ही उचलले आणि खाऊन टाकले, मुलगी झाली.

सह्यकडा | ७ जुलै, रात्री ९:४०

डॉक्टरांची माहिती वाचली. पण मी काल अर्धवट लिहिलं होतं, आता पूर्ण लिहितो. माझ्या बहिणीने तिसऱ्या महिन्यात एक लस घेतली आणि चौथ्या दिवशी तिचं बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले संबंध नाही. कुणी बसून समजावलं नाही, नुसतं संबंध नाही म्हणून पुढचा पेशंट बोलावला. दोन वर्षं झाली, ती अजून म्हणते मी टोचून घेतलं नसतं तर. आता माझ्या बायकोला दिवस गेलेत. तुम्ही सगळे बरोबर असाल, पण माझ्या घरात सुई म्हटलं की ते बाळ आठवतं.

सिस्टरताई | ७ जुलै, रात्री १०:०५

दादा, हे लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

डॉ_हिरवाचुडा | ७ जुलै, रात्री ११:३०

सह्यकडा, तुमच्या बहिणीला त्या दिवशी खुर्चीवर बसवून दहा मिनिटं बोलायला हवं होतं. ते झालं नाही, आमच्या पेशातल्या माणसाकडून झालं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. माझ्याही ओपीडीत कधी कधी असं होत असणार.

आता सांगते. ज्या गर्भधारणा लक्षात येतात त्यातल्या साधारण दहातल्या एक ते सातातली एक पहिल्या काही महिन्यांतच थांबते. लस घेवो वा न घेवो. बहुतेक वेळा गर्भातच गुणसूत्रांची गडबड असते आणि ते बीज रुजल्या दिवसापासूनच ठरलेलं असतं. इतक्या बायकांच्या बाबतीत हे होतं म्हटल्यावर कुणाचं सोनोग्राफीनंतर चौथ्या दिवशी होतं, कुणाचं प्रवासानंतर, कुणाचं जिना चढल्यावर, कुणाचं लसीनंतर. आणि आई आयुष्यभर तो जिना, तो प्रवास, ती सुई धरून बसते. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना वेगवेगळ्या देशांत करून बघितलीये, फ्लूच्या लसीने गर्भपात वाढतात असं दिसत नाही.

तुमच्या बहिणीची काही चूक नव्हती. हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवंय. आणि बायकोच्या वेळी तुम्ही तिच्याबरोबर आत जा, सगळे प्रश्न कागदावर लिहून न्या, उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

सह्यकडा | ८ जुलै, सकाळी ७:१५

तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आभारी आहे.

गोदाकाठ | ८ जुलै, सकाळी १०:४०

मी इथे लिहू की नको असा विचार दोन दिवस करत होते. एप्रिल २०२१ ला मी सहाव्या महिन्यात होते, नाशिकमध्ये. तेव्हा गरोदर बायकांना कोविडची लस द्यायची परवानगी नव्हती. दीर जाऊन घेऊन आला, सासरे घेऊन आले, मी केंद्रावर गेले तर पोटाकडे बघून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी घरात सगळ्यांना झाला. ज्यांनी लस घेतली होती त्यांना तीन दिवस ताप, मला ऑक्सिजन ८७. एक हॉस्पिटल म्हणे गरोदर घेत नाही, दुसरं म्हणे कोविड घेत नाही, गाडीत मागच्या सीटवर आडवी पडून मी बाळाच्या लाथा मोजत होते. नवरा रस्त्यावर उभा राहून फोन लावत होता. तिसऱ्या ठिकाणी घेतलं. ३४ व्या आठवड्यात सिझेरियन, बाळ काचेच्या पेटीत १९ दिवस. आता शाळेत जातो, धावतो.

१९ मे २०२१ ला अंगावर पाजणाऱ्या आयांना परवानगी मिळाली आणि २ जुलैला गरोदर बायकांना. आधी चाचण्यांमध्ये गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या म्हणून माहिती नव्हती, आणि माहिती नाही म्हणून परवानगी नव्हती. मला याचा राग अजून येतो. आपल्याला जपायचं म्हणून बाजूला ठेवतात आणि मग आजार आपल्यालाच गाठतो.

केवडा, तुला कुणीतरी स्वतःहून लस देतंय. घे बाई.

पाणपोई | ८ जुलै, सकाळी ११:०२

गोदाकाठ 🙏 लाथा मोजत होते हे वाचल्यावर पुढे वाचवेना.

दूरदेशी | ८ जुलै, दुपारी ४:१५

लीड्सहून लिहितेय. इथे मिडवाइफ, म्हणजे बाळंतपण बघणारी नर्स, पहिल्याच भेटीत यादी देते, फ्लू, डांग्या खोकला आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून २८ आठवड्यांनंतर आरएसव्ही. या आरएसव्हीने तान्ह्या बाळांची छाती भरते, श्वास लागतो, हिवाळ्यात बाळांचे वॉर्ड त्याने भरलेले असतात. तीही शिदोरीवालीच लस, आईला द्यायची, बाळासाठी. मी तिन्ही घेतल्या, वेगवेगळ्या दिवशी. आई तेव्हा अकोल्याहून बाळंतपणाला आली होती, ती म्हणाली इथली मिडवाइफ आपल्या आशाताईसारखीच आहे गं, फक्त सायकल नाही.

रंकाळा | ८ जुलै, सायंकाळी ६:३०

थोडं विषयांतर पण विषाणू आणि गरोदरपणच आहे म्हणून लिहितो. आमच्या इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली होती, पंचगंगेचं दूषित पाणी नळाला आलं. हिपॅटायटिस ई. इतरांना कावीळ होऊन उतरते ती, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर दर चार-पाच बायकांत एक दगावू शकते. आमच्या गल्लीतली एक सून आठव्या महिन्यात होती. कामावर जाताना रोज दारात रांगोळी दिसायची, एक दिवस नव्हती. एवढंच लिहितो.

याची लस चीनमध्ये २०११ ला मंजूर झाली. २०२२ ला दक्षिण सुदानमध्ये बेंटियूच्या निर्वासित छावणीत साथीत वापरली, गरोदर बायकांना पण दिली. आपल्याकडे दवाखान्यात मिळत नाही. म्हणून सांगतो, पावसाळ्यात घरात कुणी गरोदर असेल तर पाणी उकळून गार करूनच द्या, फिल्टर आहे म्हणून गाफील राहू नका, बाहेरची पाणीपुरी आणि उसाचा रस बंद.

चाफेकळी | ८ जुलै, सायंकाळी ६:५५

पाणीपुरीचे डोहाळे लागतात त्यांनी काय करायचं पण? घरी उकळलेल्या पाण्याची करा, मी केली होती, चव येते.

निरांजन | ८ जुलै, रात्री ९:२०

इथे लस घेऊ की नको यावर चाललंय, पण काही लसी गरोदर व्हायच्या आधीच घ्यायच्या असतात हे पण लिहून ठेवते, वाचणाऱ्या नव्या मुलींसाठी.

माझ्या आईला १९८८ मध्ये दुसऱ्या महिन्यात बारीक पुरळ आलं, थोडा ताप, चार दिवसांत गेलं, कुणी लक्ष दिलं नाही. माझी धाकटी बहीण जन्मली तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मग कळलं ऐकू पण येत नाही. हृदयाला भोक. रुबेला. ऑस्ट्रेलियात ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९४१ मध्येच हे ओळखलं होतं, मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता म्हणून. आमच्या घरी ते ४७ वर्षांनी कळलं. बहीण आता मूकबधिर मुलांच्या शाळेत शिवण शिकवते, फार सुंदर हात आहे तिचा. पण आई आजही त्या चार दिवसांचं बोलते.

रुबेलाची लस जिवंत विषाणूची, त्यामुळे गरोदरपणात देत नाहीत. आधी घ्यायची आणि मग एक महिना थांबायचं. चुकून दिवस गेल्यावर घेतली गेली तर घाबरून गर्भपात करायचं कारण नाही, असंही आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली ना, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी, तेव्हा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देऊ नका देऊ नका चाललं होतं. मी बहिणीचा फोटो टाकला आणि लिहिलं की यासाठी द्या. सोसायटीतल्या सगळ्या मुलांनी घेतली.

डॉ_हिरवाचुडा | ८ जुलै, रात्री १०:१०

निरांजन, तुमचं बरोबर आहे, कांजिण्यांच्या लसीचंही तसंच, आधी घ्यायची. उलट कुत्रं चावलं तर रेबीजची लस गरोदर असलात तरी त्याच दिवशी सुरू करायची, तिथे थांबणं म्हणजे जीव घालवणं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी चावल्यावर सहा दिवसांनी आली, घरच्यांनी बाळाला त्रास होईल म्हणून थांबवलं होतं. सुदैवाने दोघं ठीक आहेत. आता ती पोटातली चौदा इंजेक्शनं राहिली नाहीत, दंडातच देतात.

मुसाफिर | ८ जुलै, रात्री १०:२५

अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर फ्लूची घेता येत नाही ना? बायकोला आहे.

डॉ_हिरवाचुडा | ८ जुलै, रात्री १०:३२

पूर्वी नको म्हणायचे, आता देतात. आधी सांगून ठेवा आणि घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा, हे तर सगळ्यांनीच करावं.

केवडा | १३ जुलै, रात्री ९:०५

मंडळी, अपडेट द्यायला आले.

एका दुपारी सासूबाई करंजीचं सारण परतत होत्या तेव्हा ओट्याशी बसून सिस्टरताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. विळ्याचा भाग आला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला. म्हणाल्या, माझ्या आत्याची दोन बाळं तशीच गेली, आम्ही म्हणायचो सटवाईने नेली. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही नाही बोलले. संध्याकाळी देवाला दिवा लावून झाल्यावर म्हणाल्या, मला मॅडमना एक विचारायचंय, मी येते बरोबर.

काल शनिवारी गेलो... नाही, परवा, ११ ला. मॅडमकडे त्यांनी एकच विचारलं, ही धनुर्वातासारखीच का, बाळासाठी आईला? मॅडम हो म्हणाल्या, खोकं दाखवलं, त्यावर छापलेलं वर्ष दाखवलं, की विषाणू बदलत राहतो म्हणून ही दरवर्षी नवी येते. सासूबाईंनी चष्मा लावून ते खोकं वाचलं. मग म्हणाल्या, द्या. उजव्या हातावर द्या, ती डाव्या कुशीवर झोपते.

तिखटमीठ, ते वाक्य मी त्यांना सांगितलंच नव्हतं, त्यांनी रात्री पाणी द्यायला येताना बघितलेलं असणार.

रात्री थोडी कणकण आली, मॅडमना फोन करून पॅरासिटामॉल घेतली, सकाळी ठीक. बाळ नेहमीसारखं फिरतंय. दंड अजून जरासा दुखतोय.

तिखटमीठ | १३ जुलै, रात्री ९:१२

मी रडतेय आणि लेक विचारतेय आई काय झालं.

उंबरठा | १३ जुलै, रात्री ९:४०

आजी असती तर तिला हा धागा वाचून दाखवला असता.

पहिलटकरीण | १४ जुलै, सकाळी ८:३०

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. मी ११ आठवड्यांची आहे, एरंडवण्यात राहते. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याच भागात झिका सापडला होता, गरोदर बायकांना पण. त्याची लस घ्यायची असते का?

डॉ_हिरवाचुडा | १४ जुलै, दुपारी २:१५

झिकाला लस नाही. तो डेंग्यूच्याच डासाने होतो आणि हा डास दिवसा चावतो, म्हणून दिवसा पण पूर्ण बाह्यांचे कपडे, दुपारी झोपताना मच्छरदाणी, डास पळवणारं मलम. कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर दर आठवड्याला कोरडे करून पुसा. नवऱ्याला ताप-पुरळ आलं तरी डॉक्टरांना सांगा, झिका शरीरसंबंधातूनही जातो. फ्लूच्या लसीचं तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारून ठेवा.

सह्यकडा | १९ जुलै, रात्री ८:५०

आज बायकोबरोबर आत गेलो होतो, कागद घेऊन, अकरा प्रश्न. डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं दिली, पाऊण तास लागला, बाहेरचे पेशंट रागावले असतील. सातव्या महिन्यात फ्लूची घ्यायची ठरलंय. बहीण म्हणाली, तेव्हा मी येईन वहिनीचा हात धरायला.

केवडा | २८ जुलै, दुपारी १२:२०

डोहाळजेवण झालं, साठ म्हणता म्हणता पंचाऐंशी माणसं. तीन जण खोकत होते, सासूबाईंनी तिघांनाही लांबच्या खुर्च्यांवर बसवलं आणि ताटं तिथेच नेऊन दिली. करंज्या संपल्या. खारीबिस्किट, तुझी बाजूला ठेवलीये.

सिस्टरताई | २८ जुलै, दुपारी १:०५

छान झालं गं. आता एक काम कर, लसीची तारीख माता-बाल कार्डावर लिहून घेतलीस ना ते बघ, खासगीत बरेचदा राहून जातं. आणि बाळ जन्मल्यावर २४ तासांत त्याला कावीळ ब ची लस द्यायची असते, तेव्हा वॉर्डात घाईगडबड असते आणि तू थकलेली असशील. सासूबाईंना आजच सांगून ठेव, त्या विसरू देणार नाहीत.